आठवड्यातून तीनदा

दहिवडीच्या एसटी स्टँडवर एक आजी शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराला प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल उघडून दाखवत होती. मांडीवर नातू, चार-साडेचार वर्षांचा. पाय गुडघ्यापाशी एकमेकांवर आवळलेले, टाचा जमिनीला कधी टेकल्याच नसाव्यात इतक्या मऊ, मुठीत बिस्किटाचा झालेला भुगा. कागदावर वर सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेनं हालचाली बिघडणं), मध्ये दोन औषधं, आणि तळाशी घाईघाईत लिहिलेली एक ओळ: ऑक्युपेशनल थेरपी, आठवड्यातून तीनदा. म्हणजे जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून द्यायची थेरपी. पोरानं ती ओळ वाचून दाखवली. आजीनं एवढंच विचारलं, "कुठं?" पोरानं कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून हा हिशेब मांडून बघावा. वाडीवरून वडापनं दहिवडी, तिथून एसटीनं साताऱ्याला दोन-अडीच तास, मग रिक्षा, केसपेपरची रांग. नंबर लागून अर्धा-पाऊण तास थेरपी झाली की परतीची गाडी, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण. एका वेळेला एक अख्खा दिवस जातो, तीन वेळा म्हणजे तीन दिवस. त्या तीन दिवसांत आईची खुरपणीची हजेरी बुडते, धाकटं पोर शेजारी ठेवावं लागतं, आणि मेंढरामागं गेलेला बाप परतलेला नसतो. आणखी एक गोष्ट या हिशेबात कुणी धरत नाही. ज्या मुलाचे पाय आधीच ताठरलेले आहेत, ते जाऊन-येऊन पाच तास हादऱ्यांच्या गाडीत मांडीवर, कमरेत आणि गुडघ्यात दुमडून बसतं. संध्याकाळी ते सकाळपेक्षा जास्त आखडलेलं असतं, म्हणजे थेरपीनं जे सैल झालं ते रस्त्यानं परत आवळलं. कागद लिहिणाऱ्याची चूक म्हणावी, तर तसंही नाही. थेरपी दोन गल्ल्या ओलांडून मिळते अशा ठिकाणी हा सल्ला योग्यच आहे. पण वाडीवर तो पाळायला निघालेलं घर बहुतेक दोन-तीन महिन्यांत थकतं आणि मग सगळंच सोडून देतं. "आम्ही सगळं करून बघितलं, फरक नाय" हे वाक्य तिथून येतं.

थेरपिस्ट शहरातच का, याचं उत्तर निम्मं इतिहासात आहे. देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते उभं केलं कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, लग्नानं इथल्या झालेल्या. पुढे मुंबईतच नायर आणि शीव, आणि तिकडे नागपूर, अशी सरकारी-महापालिकेची महाविद्यालयं झाली. साडेचार वर्षं मोठ्या रुग्णालयात शिकलेली मुलं-मुली मोठ्या रुग्णालयांच्या आसपासच राहिली, यात नवल ते काय! गंमत म्हणजे माणच्या शेजारी फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे. रोज शेकडो मुलं त्या नावाच्या पाटीखालून आत जातात, आणि त्याच पट्ट्यातल्या आईबापांना त्या बाईंनी देशात रुजवलेली गोष्ट शोधायला पुण्या-मुंबईचा रस्ता विचारावा लागतो. या गोष्टीचा राग यावा की हसू, हे ठरवता येत नाही.

तालुक्याच्या गावी जे मिळतं ते फिजिओथेरपिस्टचं क्लिनिक. तिथे गुडघे, कंबर आणि पक्षाघाताचे पेशंट असतात, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र असतं. म्हणून त्याला कमी लेखायचं कारण नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा घोटा, मांडीच्या आतले स्नायू आणि नितंबाचा सांधा आखडू नये यासाठी जे ताण द्यायचे, ते चांगला फिजिओथेरपिस्ट नीट शिकवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याच मुलाकडे निराळ्या बाजूनं पाहतो: हा घास तोंडापर्यंत कसा नेतो, चड्डी वर ओढताना तोल कुठे जातो, शौचाला कशावर बसतो, पेन्सिल धरताना खांदा वर का चढतो. दोघं मिळाले तर उत्तम. एकच मिळाला तर त्यालाच विचारावं की लहान मुलांसोबत काम केलंय का, आणि किती. हल्ली जिल्ह्याच्या गावांत थेरपी सेंटरच्या पाट्या वाढल्यात. त्यात मनापासून चालवलेली केंद्रं आहेत, तशी चार महिन्यांचा कोर्स करून उघडलेलीही आहेत. बीओटीएच ही ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये. खरा थेरपिस्ट त्यानं दुखावत नाही. जो "सहा महिन्यांत चालवून दाखवतो" म्हणतो किंवा स्टेम सेलच्या इंजेक्शनांचा आकडा सांगतो, तिथून उठावं. त्या इंजेक्शनांपायी जमिनी गहाण पडल्यात.

सरकारी वाट अंगणवाडीपासून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. आयुष डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, मुलं तपासतं, आणि शंका वाटली की चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतली अडचण लवकर ओळखून उपचार करायच्या जागी, पाठवतं. लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून डीईआयसी म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट एका छताखाली असणं अपेक्षित आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टची खुर्ची भरलेली असेलच असं नाही, म्हणून जाण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारून घ्यावं. पथक येतं त्या दिवशी अडचण वेगळीच होते. ज्या मुलाला खरी गरज आहे ते अंगणवाडीत येतच नाही, घरी असतं, आणि पटावरच्या हजर मुलांची वजनं-उंची घेऊन गाडी पुढच्या गावाला जाते. सेविकेला किंवा आशाताईला तारीख आधी कळलेली असते. त्यांना सांगून ठेवलं तर पथक घरी वळतं, निदान मुलाला उचलून न्यायला निरोप तरी येतो.

सोबत न्यायच्या कागदांत जन्मावेळचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात मोलाचं. वजन किती होतं, रडला कधी, काचेच्या पेटीत किती दिवस होता, झटके आले होते का, हे सगळं त्यावर असतं. तेच नेमकं हरवलेलं असतं, आणि लसीकरणाचं कार्ड मात्र प्लास्टिकमध्ये जपलेलं.

कागदांहून उपयोगी पडतो तो फोन. परक्या खोलीत, परक्या माणसासमोर मूल रडतं, अंग ताठ करतं, आईला चिकटतं, आणि थेरपिस्टला अर्धा तास फक्त रडणारं मूल दिसतं. म्हणून घरूनच व्हिडिओ काढून न्यावेत. चार-पाच तुकडे पुरेत, प्रत्येक अर्ध्या-पाऊण मिनिटाचा: जेवताना, जमिनीवर बसलेलं असताना, बसल्या जागेवरून उठताना किंवा सरकताना, सदरा घालताना, आणि दुसऱ्या पोरांत खेळताना. फोन आडवा धरायचा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे काढणाऱ्यानं खाली बसायचं. बाजूनं काढायचा, डोक्यापासून पावलापर्यंत सगळं अंग दिसेल असा. दार किंवा खिडकी काढणाऱ्याच्या पाठीशी हवी, नाहीतर उजेडापुढे मुलाची नुसती काळी सावली उरते. पहिली वीस सेकंद कुणी हात लावायचा नाही आणि "हां बाळा, घे, घे" म्हणायचं नाही. नेमकं हेच जमत नाही. आलेल्या दहा व्हिडिओंपैकी बरेचसे उभ्यानं, वरून काढलेले, नुसत्या चेहऱ्याचे, मध्येच आईचा हात येऊन सगळं झाकणारे असतात. त्यातून मूल गोड आहे एवढंच कळतं.

दिव्यांग प्रमाणपत्राची रांग लांब असते आणि ती लावावीच लागते. लहान मुलाला बऱ्याचदा तात्पुरतं, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. चाळीस टक्के किंवा त्यावर अपंगत्व नोंदलं गेलं की एसटीत ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विम्याची वाट उघडते. निरामयमध्ये सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही काही मर्यादेत धरतात. त्यासाठी पावतीवर थेरपिस्टचं नाव, सही, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. साध्या कागदावर "रोख मिळाले" लिहिलेलं परत येतं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत ते पैसे सगळ्यांना सारखे वाटून संपवतात, पण ग्रामसभेआधी लेखी अर्ज दिला तर त्यातून खुर्ची किंवा कमोड होऊ शकतो. एक मात्र सांगावंसं वाटतं: प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थेरपी थांबवू नये. दोन वर्षांच्या मुलाचं वय रांगेत थांबत नाही.

आता मूळ प्रश्न. तीनदा जाणं होणार नसेल तर किती जावं?

माझ्या मते महिन्या-दीड महिन्यातून एकदा, पण त्या एका दिवसाचा उपयोग वेगळा करायचा. थेरपिस्टला आधीच सांगायचं की आम्ही नेहमी येऊ शकणार नाही, तुम्ही मुलावर काम करू नका, आमच्या हातांना शिकवा. बहुतेक जण हे आनंदानं मानतात. मग मुलाला धरायचं घरच्या माणसानं, आणि थेरपिस्टनं हात मागे बांधून बघायचं, चुकेल तिथे सांगायचं. त्याचा व्हिडिओ काढायचा तो थेरपिस्टच्या हातांचा नाही, आपल्या हातांचा. सोबत जायचं ते मुलाला रोज भरवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या माणसानं. बऱ्याच घरांत ती आजी असते. जाते मात्र आई नाहीतर बाप, आणि शिकलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं गळतं. निघताना बारा व्यायामांची झेरॉक्स मिळाली तर नम्रपणे परत द्यावी आणि विचारावं: यातले तीन कोणते, आणि दिवसात कधी? तीनच गोष्टी, त्याही एरवी होणाऱ्या कामाला जोडलेल्या. लंगोट बदलताना मांड्यांचा ताण, जेवताना बसण्याची पद्धत, झोपताना पायांमध्ये घडी घातलेली गोधडी. वेगळा तास काढून करायचं काम पहिल्या आठवड्यात उत्साहानं होतं आणि पेरणी आली की बंद पडतं.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी घरात पहिली करायची गोष्ट व्यायाम नसून खुर्ची आहे, असं ठामपणे म्हणायला हरकत नाही. मूल नीट बसलं की त्याचे हात मोकळे होतात, नजर स्थिर होते, गिळणं सोपं जातं. गावचा सुतार ही खुर्ची बारा मिलिमीटरच्या प्लायमध्ये करू शकतो, माप बरोबर दिलं तर. मुलाला कडक बाकावर बसवावं, एकानं मागून कमरेला धरावं, गुडघे काटकोनात, आणि मग टेप लावावा. कुल्ल्यांच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतच्या अंतरातून दोन बोटं वजा केली की बैठकीची खोली येते. लवणीपासून टाचेपर्यंत पाय टेकायच्या फळीचं अंतर. कमरेची रुंदी, अधिक दोन्हीकडे एकेक बोट. बैठकीपासून दुमडलेल्या कोपरापर्यंत, आणि त्यावर बोटभर, ती पुढच्या ट्रेची उंची. ज्याचे खांदे मागे खेचले जातात त्याच्यासाठी पाठ सपाट न करता दोन फळ्या काटकोनात जोडून घराच्या कोपऱ्यासारखी करतात, त्यानं खांदे पुढे येतात आणि हात समोर भेटतात. बैठकीवर इंचभर कडक फोम आणि वर रेक्झिन. मऊ गादी नको, त्यात कंबर रुतते आणि एका बाजूला कलते. ट्रेला सेंटिमीटरभर उंच काठ, वाटी घसरू नये म्हणून.

चुका ठरलेल्या असतात. सुतार म्हणतो, "पोर वाढणारं हाय, जरा मोठीच करतो." बैठक दोन इंच जास्त खोल झाली की पाठ मागच्या फळीला टेकत नाही, मूल घसरून पुढे येतं, आणि घरचे त्याला पोटावर ओढणीनं बांधतात. पट्टा पोटावर नसावा. तो जांघेच्या घडीवर, तिरपा खाली-मागे जाणारा, बैठकीशी साधारण ४५ अंशांत हवा. मांड्यांमधला ठोकळा गुडघ्यांच्या बाजूला बसवतात, मांड्या वेगळ्या राहाव्यात म्हणून. तो जांघेपर्यंत मागे सरकवला तर मूल त्यावर लटकतं. पाय टेकायची फळी विसरली जाते, आणि लोंबकळत्या पायांचा ताठरपणा वर मानेपर्यंत जातो. वाढीसाठी खुर्ची मोठी करायची नाही. पायाच्या फळीला इंच-इंचावर भोकं आणि पाठीमागे काढता येईल असा फोमचा तुकडा ठेवला की दोन वर्षं निघतात. सुरुवातीला वीस मिनिटं, जेवणाच्या किंवा खेळाच्या वेळीच. उतरवल्यावर कातडीवरचा लाल वळ अर्ध्या तासानंतरही तसाच राहिला तर तिथे दाब येतोय, बदल करायचा. आणि दिवसभर कुणी त्याला त्यात बसवून शेतावर जाऊ नये, हेही सांगावंच लागतं.

भरवणं हा तर वेगळा विषय आहे. पद्धत पिढ्यान्पिढ्यांची: मांडीवर आडवं घ्यायचं, मान मागे, वरून दूध-भाकरीचा काला. निरोगी बाळ त्यातूनही निभावतं. ज्याचं गिळणं कच्चं आहे त्याची मान मागे गेली की घास श्वासनलिकेकडे सरकायचा धोका वाढतो. मूल खुर्चीत, हनुवटी किंचित खाली. भरवणारी समोर, त्याच्या डोळ्यांच्या खाली किंवा बरोबरीला बसलेली. चमचा उथळ, खालून पुढून आणायचा, जिभेच्या मध्यावर हलकेच दाबून थांबायचं, आणि ओठ मिटायची वाट पाहायची. वरच्या दातांवर खरवडून घास आत सोडायचा नाही. ही वाट पाहणं फार जड जातं, चार सेकंद तासासारखे वाटतात. काला किती घट्ट? चमचा वाकडा केला तर गोळा सरकत पडावा, धार लागू नये. पातळ दूध आणि कोरड्या भाकरीचा चुरा, दोन्ही वाईट. प्रत्येक घोटाला खोकला, खाल्ल्यावर घोगरा ओलसर आवाज, डोळ्यांत पाणी, वरचेवर छातीत कफ होऊन ताप, वजन न वाढणं, यातलं काही असेल तर घरचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. फोनवर कुणाचाही सल्ला घेऊन हे निस्तरत नाही. स्वतः खाणाऱ्या मुलाच्या चमच्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात, अंगठ्याचं टोक मधल्या बोटाला जेमतेम भेटेल इतकी जाड होईपर्यंत. कापड गुंडाळलं तर ते ओलं राहून चार दिवसांत वास मारतं. ताटली निसटत असेल तर खाली ओलं फडकं.

कपड्यांचं शिकवणं उलट्या टोकापासून करायचं. चड्डी मोठ्या माणसानं गुडघ्यांच्या वर, कुल्ल्यांपर्यंत आणायची आणि शेवटची चार बोटं मुलानं ओढायची. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून, सर्वांत शेवटी पाय घालणं. काम पुरं करण्याचा मान दर वेळी मुलाकडे राहतो, म्हणून ते पुन्हा करायला तयार होतं. नाडी नको, इलॅस्टिक. गणवेशाच्या चड्डीचं बटण वरून शोभेला ठेवून आत वेल्क्रो शिवून घेता येतो. हा धडा सकाळी शाळेच्या घाईत घ्यायला गेलं की रोज भांडण होतं. संध्याकाळी कपडे बदलताना घ्यावा, उशीर झाला तरी कुणाची गाडी चुकत नाही.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी चित्र निराळं. पिठाच्या गिरणीजवळून जाताना कान दाबून बसणारं, गवतावर पाऊल न टेकवणारं, पण झोक्यावर तासभर शांत राहणारं. शहरातल्या केंद्रात हजारोंचे झोके आणि चेंडूंचे हौद असतात, ते पाहून गावाकडचे आईबाप खचतात. घराच्या दोन तुळयांना दोन टोकांनी बांधलेली गोधडीची झोळी तेच काम बऱ्यापैकी करते. दोन ठिकाणी बांधली की ती पुढे-मागे सावकाश हलते. एकाच दोरावर टांगली तर गरगर फिरते, त्यानं मूल उधळतं किंवा त्याला मळमळतं. जेवणानंतर नको, चेहरा पांढरा पडला की थांबवायचं, फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि दोर दर आठवड्याला मोठ्या माणसाच्या वजनानं ओढून बघायचा. अभ्यासाला बसायच्या आधी अंगाला जोर लागणारं काम दिलं तर बरीच मुलं स्थिरावतात. अर्धी कळशी उचलून आणणं, कणीक तिंबणं, ओलं फडकं पिळणं, शेंगा फोडणं. सगळ्याच मुलांना याचा सारखा गुण येत नाही, आणि अंगावर ब्रश फिरवण्याच्या ज्या पद्धती विकल्या जातात त्यांना भक्कम पुरावा नाही. दोन-तीन आठवडे करून, वहीत लिहून बघावं. फरक दिसला नाही तर सोडून द्यावं. "गावात सगळी थेरपी निसर्गातच आहे" असं कुणी भाषणात म्हणालं तर मात्र कान टवकारावेत. निसर्गात थेरपिस्ट नाही, हीच तर अडचण आहे.

शाळेचं वय झालं की तालुक्याच्या गट साधन केंद्रातले, समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचे विशेष शिक्षक हाताशी येतात. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाच्या घरीही ते जाऊ शकतात. एका शिक्षकाकडे इतक्या शाळा असतात की त्याची खेप कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून आली की कामाचं मागून घ्यावं. बाकावर पाय लोंबत असतील तर खाली ठोकळा. जमिनीवर बसत असेल तर भिंतीला पाठ आणि पुढ्यात पाट. पेन्सिल नवी लांब नको, अंगठ्याएवढा तुकडा द्यावा. तो मुठीत मावत नाही, आपोआप बोटांच्या टोकांत येतो. वहीआधी फळा. डोळ्यांच्या उंचीवर खडूनं रेघा मारताना मनगट मागे वळतं, लिहिण्यासाठी तेच लागतं. दिव्यांगांच्या शिबिरात कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची खुर्चीसारखी साधनं मोजमाप घेऊन मिळतात, पण मोजमाप आणि वाटप यांत महिने जातात आणि मूल तेवढ्यात वाढतं. मापाची तारीख फोटो काढून ठेवावी, आणि वाटपाच्या दिवशी मुलाला बसवून बघितल्याशिवाय सही करू नये. न बसवता आणलेल्या खुर्च्यांवर पुढे मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात.

मधल्या महिन्यांत फोनवरून थेरपी चालते, ठीक चालते. आधी व्हिडिओ पाठवायचे, थेरपिस्टनं ते बघून ठेवायचे, आणि मग वीस मिनिटं बोलायचं. थेट दाखवायला गेलं तर रेंज जाते, आणि रेंजसाठी टाकीवर चढलेल्या बापासोबत मूल नसतं. सांधा किती आखडला, स्नायू हाताला कसा लागतो, घास नक्की कुठे जातो, हे फोनवर कळत नाही. त्यासाठी जावंच लागतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सलते. घरच्यांना शिकवा, असं म्हणणं सोपं आहे. घरचे म्हणजे बहुधा एक बाई. सकाळचं पाणी, भाकरी, शेत, पुन्हा भाकरी, आणि त्यात आता हनुवटी, चमचा, पट्टा, ताण. तिनं दोन दिवस केलं नाही म्हणून तिला कुणी बोललं, तर बोलणाऱ्यानं आधी एक वेळ ते मूल स्वतः भरवून दाखवावं. जिथे तालुक्याच्या रुग्णालयात थेरपिस्ट असायला हवा तिथे आपण आईला थेरपिस्ट करतोय. ही तडजोड आहे, आणि तिचं कौतुक करून सरकारची जबाबदारी हलकी होऊ देऊ नये. तरी मूल आज चार वर्षांचं आहे, पदं भरली जातील तेव्हा ते किती वर्षांचं असेल कोण जाणे. म्हणून तडजोड करावी लागते.

तीत थोडा भार हलका होतो तो चार घरं एकत्र आल्यावर. एका तालुक्यात सात-आठ आईबाप एकमेकांना शोधू शकतात. विशेष शिक्षकाकडे नावं असतात, आशाताईंकडेही. साताऱ्याहून, बारामतीहून नाहीतर पुण्याहून एक थेरपिस्ट महिन्यातल्या एका रविवारी बोलवायचा, जाण्यायेण्याचं आणि दिवसाचं मानधन वाटून घ्यायचं, जागा झेडपीच्या शाळेची. आठ मुलं, प्रत्येकाला पाऊण तास, दिवस भरतो. दर वेळी तोच थेरपिस्ट हवा, नवा आला की पुन्हा पहिल्यापासून. तालुक्यातल्या फिजिओथेरपिस्टला आणि विशेष शिक्षकाला शेजारी बसवून घ्यायचं, कारण मधले २९ दिवस तेच जवळ असतात. बिघडतं ते बॅनर लागल्यावर. मग उद्घाटन येतं, शाल-श्रीफळात तास जातो, आठाची चाळीस मुलं होतात, प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं आणि एक बिस्किटपुडा येतो, आणि पुढच्या महिन्यात कुणीच फिरकत नाही. तेव्हा बॅनर नको. मुख्याध्यापकांकडून किल्ली आदल्या दिवशीच घ्यावी. दोन चटया, पिण्याचं पाणी, मुलाला ओळखीची वाटी-चमचा, एक टेप, एक वही. आणि गावच्या सुतारालाही बोलवावं, थेरपिस्टसमोर माप त्यानंच घेतलं तर खुर्ची मापाची होते. त्याला अकराच्या सुमारास बोलवावं, तोवर मुलं रडून गप्प झालेली असतात.